सगळ्यांचा जन्म रात्री बाराचा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

बारा! छत्तिसांपैकी बारा गुण. वर एकनाडी. संपला विषय.

अण्णांनी नारायण पेठेतल्या वधू-वर केंद्रातून पत्रिका छापून आणली — चार रंगांत, वर गणपती, खाली केंद्राचा फोन नंबर — आणि चपला न काढता दारातच वाचली. आमची धाकटी तनुजा आणि तिला सांगून आलेला शुभंकर. "जुळत न्हाई. एकनाडी हाय." एवढं बोलून चष्मा काढला. आईनं तोंडाला पदर लावला. जसं काही घरातलं कुणी गेलंच!

एकनाडी म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "दोघांची नाडी येकच." वा. ज्ञानात भर पडली.

स्थळ मांजरीचं. मुलगा इंजिनिअर, दिसायला बरा, जिथे ऊस होता तिथे आता वडिलांच्या दोन इमारती. दोनदा भेटले दोघं. मी विचारलं तेव्हा तनू म्हणाली, "चांगला आहे." ही मुलगी बासुंदीलासुद्धा "ठीक आहे" म्हणते! म्हणजे आवडलाच होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी आवडलं आणि ते एका प्रिंटरनं काढून घेतलं.

माझे बत्तीस गुण जुळले होते. बत्तीस! गुरुजींनी पेढा स्वतःहून मागून खाल्ला होता. दोन वर्षांत मी बॅगा घेऊन परत धायरीत. तेव्हा गुरू नाही, शुक्र नाही, एकही जण सामान उचलायला आला नाही. अण्णांनी यातून काय बोध घ्यावा? तर म्हणे माझी पत्रिका हातानं मांडलेली होती म्हणून चुकली, कॉम्प्युटरची करायला हवी होती!

तनू एवढंच म्हणाली, "असू दे, अण्णा." जेवली आणि झोपली. सगळं मुकाट गिळते ती. माझ्यासारखी नाही.

४ फेब्रुवारी

अण्णांनी मांजरीला फोन करून कळवलं. "पत्रिका जमंना बघा, नाइलाज हाय." पलीकडे शुभंकरचे वडील, जयसिंगराव. "देवाची इच्छा" म्हणाले म्हणे. देव बिचारा कुठल्या कुठे ओढला जातो!

६ फेब्रुवारी, गुरुवार

यातला विनोद असा की ती चार रंगांची पत्रिका आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर छापतं. मी गेली सात वर्षं तिथे डेटाबेस सांभाळते. पण त्या वधू-वर केंद्राच्या कामाला मी हात लावलेला नाही. साईनाथला — आमच्या साहेबाला — मी तेव्हाच सांगितलं होतं, पतसंस्था द्या, पंचायत समिती द्या, कचऱ्याच्या गाड्यांचा हिशेब द्या, पण ग्रह मला देऊ नका. मग ते काम त्यानंच केलं. दिवाळीत जुन्या डेटाबेसमधून सगळी माहिती नव्यात हलवली आणि ऑफिसमध्ये केक कापला. त्याला केक कापायला कारण लागतं, काम नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत मी केंद्राच्या डेटाबेसमध्ये तनूचं नाव शोधून बघितलं. सहजच. कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या, तर निदान पुरावा बघून घालाव्यात.

नाव बरोबर. तारीख बरोबर. गाव बरोबर. जन्मवेळ — रात्री बारा!

तनू दुपारची झालेली आहे. मी पाचवीत होते. शाळेतून आले तर घराला कुलूप. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, "तुला बहीण झाली गं, आत्ताच सांगावा आला." नंतर दवाखान्याच्या कागदावरही चार वाजून चाळीस मिनिटंच होती. अण्णांनी गेल्या वर्षी केंद्राच्या फॉर्मवर तेच लिहिलं होतं, मी स्वतः बघितलंय.

मग हे बारा कुठून आले?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाजिमाला बोलावलं. आमची टेस्टर. या ऑफिसात डोकं वापरायचा परवाना तिच्या एकटीकडे आहे. म्हटलं, अजून दहा नावं काढ. तिनं काढली. सगळ्यांचा जन्म रात्री बाराचा. शंभर काढली — रात्री बारा. मग तिनं अख्खा तक्ताच उघडला. आपटे, जाधव, कांबळे, शहा, वाघोलीचे, कोथरूडचे, अमेरिकेतले — झाडून सगळे बाराच्या ठोक्याला! नाजिमा म्हणाली, "शेफाली, एवढे कृष्णजन्म? पाळणे कुठून आणायचे?" मी इतकी हसले की ठसका लागला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तारीख-वेळ साठवायची म्हटलं की डेटाबेस एक साधा प्रश्न विचारतो. किती बारीक हवी? दिवसापर्यंत, तासापर्यंत, मिनिटापर्यंत, सेकंदापर्यंत? साईनाथनं 'दिवस' निवडलं होतं. दिवस निवडला की पुढचं सगळं कापून टाकतो डेटाबेस. तारीख ठेवतो, घड्याळ फेकून देतो. मग पत्रिकेचा प्रोग्रॅम येऊन विचारतो, वेळ काय? वेळ नाहीच, मग शून्य. शून्य म्हणजे रात्रीचे बारा. आणि त्या बाराच्या चंद्रावर गेले तीन महिने अख्ख्या पुण्याची लग्नं जुळतायत आणि मोडतायत!

साईनाथला दाखवलं. तो खुर्चीत मागे रेलला. "अगं, डेट ऑफ बर्थ आहे ना? बर्थडेला मिनिटं कोण बघतं? स्टोरेज ऑप्टिमाइझ केलं मी."

ऑप्टिमाइझ! मी म्हटलं, साईनाथ, पत्रिका वेळेवर काढतात. तो म्हणाला, "सीरियसली? मला वाटलं राशीवर काढतात. पेपरात येतं तसं."

या माणसाच्या हाताखाली मी सात वर्षं काम करते.

८ फेब्रुवारी

जुन्या डेटाबेसची प्रत शिल्लक आहे. साईनाथ ती पुसायला निघाला होता (जागा वाचवायला!), नाजिमानं पुसू दिली नाही. वेळा सगळ्या त्यात आहेत. तनूची चार चाळीससुद्धा.

मी त्या वेळेवर पत्रिका काढून बघितली. मी! ग्रह देऊ नका म्हणणारी! रात्री बाराला चंद्र रोहिणीत होता. दुपारपर्यंत मृगात गेला. शुभंकरचं काहीच बदललं नाही, आश्लेषा ते आश्लेषाच. पण रोहिणीचं मृग झालं आणि एकनाडी गेली. गुण साडेवीस. अठराच्या वर गेलं की जुळली म्हणतात.

जुळते! तनूची पत्रिका जुळते!

माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण त्यांच्याच सोट्यानं त्यांचंच डोकं फोडायला मिळणार असेल तर मी विश्वास ठेवायला तयार आहे. तात्पुरता.

१० फेब्रुवारी, सोमवार

केंद्रात गेले. चालक चक्रदेवबाई. कडक इस्त्रीची साडी, टेबलावर काच, काचेखाली जुळलेल्या जोडप्यांचे फोटो. "बसा" म्हणाल्या नाहीत. "आपण वेळ घेऊन आला आहात का?" म्हणाल्या. मी म्हटलं, वेळेबद्दलच आले आहे.

सगळं समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुणाची तक्रार आली आहे का?"

नाही.

"मग?"

मी म्हटलं, बाई, तीन महिने चुकीच्या पत्रिका गेल्यात लोकांच्या घरी! त्या म्हणाल्या, "या तीन महिन्यांत आमच्याकडे नेहमीइतकीच लग्नं ठरली. नेहमीइतकीच मोडली." हे सांगताना चेहऱ्यावर रेघ हलली नाही. बाईंना साध्या भाषेत सांगायचं तर ग्रह गेले तरी चालतील, गिऱ्हाईक जाता कामा नये.

दुरुस्ती मात्र हवी म्हणाल्या. गाजावाजा न करता. आणि करणारच असाल तर सेकंदापर्यंत करा! "आमच्याकडे चोखंदळ पालक येतात."

सेकंद! जिना उतरेपर्यंत मला पुरलं हे. बाळ येतं तेव्हा नर्सचे दोन्ही हात बाळात असतात. ती मागाहून कधीतरी भिंतीकडे बघते. भिंतीवरचं घड्याळ एखाद्या औषध कंपनीनं फुकट दिलेलं, सेल उतरलेला. तिथून पुढे मावशी बापाला सांगणार, बाप घरी येऊन आजोबांना सांगणार, आजोबा वहीत लिहिणार. आणि यांना सेकंद हवेत! उद्या सेकंदाचे तुकडे मागतील.

बिनभिंतीच्या घराला कुलूप लावायला सांगतायत लोक मला. आणि मी लावणार आहे, कारण तनूचं लग्न त्या कुलपात अडकलंय.

११ फेब्रुवारी

साईनाथ म्हणतो, "सेकंदच ठेव, फ्यूचर-प्रूफ." परवापर्यंत याला दिवस पुरत होता!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. मिनिटापर्यंत ठेवलं. जुन्या फॉर्मवर मिनिटंच आहेत. सेकंद ठेवले असते तर मिनिटांपुढे खोटी शून्यं लागली असती, आणि खोट्या शून्यांनी काय होतं ते बघून झालंय. चक्रदेवबाईंना पडद्यावर सेकंदाची रिकामी चौकट ठेवून दिली. बघून समाधान पावल्या.

सगळ्या वेळा जुन्या प्रतीतून परत भरल्या, दिवाळीनंतरच्या कागदी फॉर्मवरून. नाजिमानं एकेक गठ्ठा तपासला. सकाळ, दुपार, संध्याकाळ — लोक पुन्हा दिवसभर जन्माला येऊ लागले. बघून खरंच बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही, पण वाटलं.

साईनाथनं केक मागवला.

तनू संध्याकाळी स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. मला बघून थांबली. दुःख लपवायची तिची तऱ्हा! म्हटलं, थोडं थांब बाई, रविवारी तुला खरंच गाण्यासारखं काहीतरी देते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझा!

सकाळी सगळे घरात असताना नवी पत्रिका अण्णांच्या हातात ठेवली. तेच चार रंग, तोच गणपती. साडेवीस गुण, नाडी वेगवेगळी. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग सगळं समजावलं — दिवस, तास, मिनिट, बाराचा ठोका. अण्णांनी चष्मा पुसून पत्रिका पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हंजे मशीनची चूक हुती?" मी म्हटलं, माणसाची. मशीन सांगितलेलं करतं. ते म्हणाले, "पर आता मशीननंच दुरुस्त क्येलंय न्हवं?" मी म्हटलं, मी केलंय, अण्णा. मी.

ऐकलं की नाही कोण जाणे. कागद देवापुढे ठेवायला गेले.

आई रडली. आनंदानं, असं स्वतःच सांगत होती. तनू पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी पार काळी झाली तरी तिला पत्ता नाही. मी गॅस बंद केला. "काय गं, ऐकलंस ना?" तर म्हणाली, "हो ताई. ऐकलं." आणि हसली. इतका धक्का बसला होता की नीट हसताही येईना.

एवढ्या वर्षांत या घरात माझ्या शिक्षणाचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो आज. माझं नाही निभलं. तिचं निभू दे.

१७ फेब्रुवारी

अण्णांचा मांजरीला फोन. जयसिंगराव म्हणाले, आमचं मन पहिल्यापासून होतंच. साहजिक आहे! मन होतं, फक्त डेटा नव्हता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चक्रदेवबाईंना पत्राचा मसुदा पाठवला होता. ज्या घरांना चुकीच्या पत्रिका गेल्या त्यांना कळवायला हवं, असा. आज त्यांचा फोन. "शेफालीताई, तुम्ही हुशार आहात. पण पत्रिकेचं काम काय असतं, ते तुम्हाला कळलेलं नाही."

मी म्हटलं, सांगा.

"सांगून कळण्यासारखं नाही," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे बरं आहे! चूक पकडली की गूढ व्हायचं. पस्तीस वर्षं लोकांच्या मुलामुलींना अठराच्या वर आणि अठराच्या खाली रचत बसली ही बाई, आणि काम मला कळलेलं नाही. नाजिमाला सांगितलं तर ती म्हणाली, "पत्र नको पाठवूस एवढ्यात. कोण कुठं सुटलं असेल, आपल्याला काय माहीत?" हिला पण हवा लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुपारी फुटली. मांजरीहून तीन गाड्या भरून माणसं आली. मे महिन्यातली तारीख धरली. शुभंकर वाईट नाही. स्वतःच्या गाडीबद्दल बोलतो, मग स्वतःच्या फ्लॅटबद्दल बोलतो, मग पुन्हा गाडी. तनूला काही विचारलं तर उत्तर स्वतःच देतो. पण कोणता पुरुष देत नाही? शिकेल.

त्याच्या आईनं सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं. "तुमच्यामुळं झालं बगा हे लग्न." अण्णा त्यांच्या शेजारीच होते. माझ्याकडे बघून मान डोलावली त्यांनी. मी परत आले त्या दिवसापासून अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, मग मी आत जाऊन उगाच कपबश्या विसळल्या.

साडी नेसवताना तनूचे हात गार लागले. फेब्रुवारी आहे.

२ मार्च, रविवार

लक्ष्मी रोड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुकानदार साड्या दाखवतो की उपकार करतो, ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. "बघायच्यात की घ्यायच्यात?" म्हणे. आई म्हणाली, "अहो, बघितल्याशिवाय घ्यायच्या कशा?" तर म्हणाला, "घेणारी माणसं कळतात." आईनं हट्टानं तिथेच तीन घेतल्या. त्याचं साधलं.

तनूनं सगळ्या साड्यांना "ठीक आहे" म्हटलं. मापाचा ब्लाऊज सैल झालाय, शिंपिणीनं दोन टिपा आत घेतल्या. मी चिडवलं, स्वप्नं खाऊन पोट भरतंय वाटतं. लग्नाआधी सगळ्याच बारीक होतात.

येताना सिंहगड रोडला अडकलो तासभर. पूल झाले, उड्डाणपूल झाले, गर्दी त्यांच्यावरून आणि खालून दोन्हीकडून. तनू खिडकीतून बघत बसली होती. म्हणाली, "ताई, तू परत आलीस तेव्हा अण्णा किती दिवस बोलले नव्हते गं?" मी म्हटलं, शुभ काम चाललंय, तो विषय कशाला? तुझं तसं होणार नाही. मी तपासलंय.

५ मार्च, बुधवार

गच्चीवर तनू कपडे वाळत घालत होती. मी गमतीनं म्हटलं, सगळे मला धन्यवाद देऊन झाले, नवरी मुलीचं काय?

हातातली चादर तशीच धरून ती म्हणाली, "ताई, मला तो नको होता. पहिल्या भेटीपासून नको होता. तुझ्यानंतर या घरात 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती माझी. पत्रिका जुळली नाही तेव्हा सुटले होते मी. कुणाला न दुखवता सुटले होते."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? निदान मला?

"तुला जिंकायचं होतं, ताई."

सरळ म्हणाली. राग नव्हता त्यात. मग चादरीला चिमटे लावले आणि खाली गेली.

अंगणात अण्णा मांडववाल्याशी घासाघीस करतायत, आवाज इथपर्यंत येतोय. मला खाली जाऊन त्यांना सांगायचं आहे, हे लग्न थांबवा. पत्रिकेचं नाव न घेता. तनूचं नाव न घेता. काय सांगू? मी गच्चीच्या पायरीवर बसले आहे आणि मला एकही वाक्य सुचत नाही.